मोतियाचा वास आणि माझा दाखला

माणसाची सुकी कवटी उलटी धरून उजेडाकडे पाहिली, तर तिच्या तळाशी लहानमोठी भोके दिसतात. विद्यार्थिदशेत पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला वाटले, हाड जुने झाल्यामुळे झिजले असावे. आमच्या शिक्षकांनी एका भोकातून घोड्याच्या शेपटीचा केस ओवून दाखवला आणि म्हणाले, "ही झीज नाही, या वाटा आहेत." मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. पाठीच्या कण्यातून फेरी न मारता त्या या वाटांनी थेट डोळ्यांकडे, नाकाकडे, जिभेकडे आणि घशाकडे जातात.

वैद्यकीकडे वळण्यापूर्वी मी दोन वर्षे प्राथमिक शाळेत मास्तर होतो. त्यामुळे या बारा जोड्या मी पाढ्यासारख्या पाठ केल्या. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी या तिघी मिळून डोळ्याचे बुबुळ फिरवतात. पाचवी चेहऱ्याचा स्पर्श, वेदना, थंड-ऊन मेंदूला कळवते आणि चावण्याचे काम करते. सातवीमुळे माणूस हसतो, कपाळाला आठ्या घालतो. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तिच्याच एका फाट्याने जाते. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची, नववी घशाची व जिभेच्या मागच्या भागाची. दहावी सर्वांत भटकी. ती गळ्यातून उतरून हृदय आणि पोटापर्यंत पोहोचते. अकरावी खांदे उचलते, बारावी जीभ हलवते.

नंदुरबारच्या बाजारपेठेत मी दवाखाना उघडला तेव्हा या बारांची तपासणी करायला माझ्याजवळ फारशी साधने नव्हती. खिशातले घड्याळ, मेणबत्ती, कापसाची वात, थोडे मीठ आणि साखर. नीट क्रमाने केले तर एवढ्यावर पाच मिनिटांत काम होते. मात्र मला ते प्रत्येक रोग्यावर करून पाहण्याची हौस होती, आणि ती सर्वांनाच आवडत असे असे नाही. एक शेतकरी बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या मंडळींना सांगत होता, "मन्हं पोट दुखी ऱ्हायनं, आन् डॉक्टर मन्हा डोयासमोर बोट नाचाडी ऱ्हायना!"

या हौसेचा कधी कधी उपयोगही होई. तापीकाठच्या एका गावचे एक गुजर शेतकरी केळीच्या बागेतल्या विहिरीत पाय घसरून पडले. डोक्याची जखम भरून आली, पण तेव्हापासून ते मान एका खांद्याकडे कलती ठेवू लागले. मुलाच्या लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्या करताना त्यांनी तशीच मान कलती ठेवली. व्याह्यांना वाटले, हा आपल्याला हिणवतो आहे, आणि बोलणी मोडायची वेळ आली. ते माझ्याकडे आले ते औषधासाठी नव्हे, तर "मी मुद्दाम करत नाही" असे कोणीतरी लिहून द्यावे म्हणून. मी त्यांना माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरायला सांगितल्या. मान सरळ ठेवली की त्यांना खाली प्रत्येक पायरीच्या दोन पायऱ्या दिसत. मान कलती केली की एकच. चौथी जोडी सर्वांत बारीक असते आणि डोक्याला मार बसला की सहज दुखावते. मी चिठ्ठी लिहून दिली, लग्न लागले, आणि पुढे काही महिन्यांत मानही सरळ झाली. त्या वर्षी मला तालुक्यात थोडे नाव मिळाले. पुढची हकीकत सांगण्यापूर्वी हे सांगणे भाग आहे. कारण मिळालेल्या नावामुळे माणूस घाई करू लागतो.

आमच्या भागात डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत होते. पाऊस ओसरला की ओढ्यांच्या काठी भट्ट्या लागत. लोखंडी देगेत गवत आणि पाणी भरून खाली जाळ करायचा. वाफ बांबूच्या नळीतून ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात न्यायची. थंड झाल्यावर पाण्यावर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. गवत कोवळे, नुकते फुलावर आलेले असेल तर जे तेल उतरते ते मोतिया. गवत पिकून तांबूस झाले की उतरते ते सोफिया, ते हलके. हे तेल तांब्याच्या कुप्प्यांतून रेल्वेने सुरतेला आणि तिथून मुंबईला जाई. त्यात शेंगदाण्याचे तेल मिसळणारे लोकही होते. म्हणून पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक पारखी ठेवला होता. त्याचे नाव युसूफमियाँ. तो कुप्प्याचे बूच काढी, डोळे मिटी, एकदा हुंगे, आणि पसंत पडला तर बुचावर आपल्या अंगठीने लाखेची मोहर उमटवी. मुंबईचे घेणारे ती मोहर पाहून कुप्पा उघडत सुद्धा नसत, असे लोक सांगत.

एका भादव्यात घाट उतरताना युसूफमियाँची बैलगाडी उलटली आणि त्यांचे डोके मागच्या बाजूने दगडावर आपटले. दोन दिवस ते शुद्धीवर नव्हते. तीन आठवड्यांनी ते चालत माझ्या दवाखान्यात आले. सर्वांत मोठे व्यापारी वल्लभशेठ यांनी त्यांना पाठवले होते. हंगाम तोंडावर आला होता, आणि पारखी ठीक असल्याचा दाखला शेठना हवा होता.

"तब्येत कशी आहे?" मी विचारले.

"सब ठीक है, डॉक्टरसाब. बस, खाने में मज़ा नहीं. गोश्त खाओ या भूसा, एकच लागतंय."

मी क्रमाने बाराही तपासल्या. जिभेवर मीठ ठेवले, त्यांनी ओळखले. साखर ओळखली. चिंच ओळखली, क्विनाईनला तोंड वाकडे केले. चव शाबूत होती. वासासाठी माझ्याकडे विद्यार्थिदशेपासून एक लवंगतेलाची बाटली होती; पण लवंगतेल दवाखान्यात कधी टिकत नाही, दातदुखीवाले ते संपवतात, आणि त्या दिवशीही बाटली रिकामी होती. बाहेर पंधरा माणसे थांबली होती. शिवाय चव ठीक आहे म्हणजे वासही ठीक असणार, असे मनाने आधीच ठरवून टाकले होते. बेशुद्ध माणसाला हुंगवण्यासाठी नवसागर आणि चुना घातलेली एक बाटली कपाटात असे. ती मी काढली आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

युसूफमियाँनी झटक्याने डोके मागे घेतले. डोळ्यांतून पाणी आले.

"या अल्ला! मार डालोगे क्या?" आणि मग ते हसू लागले. इतका मोकळा हसलेला रोगी मी क्वचितच पाहिला आहे. "आ गया! डॉक्टरसाब, आ गया! मला वाटलं होतं, नाक संपलं माझं."

या वाक्यावर मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. मी त्यांना जिभेच्या चार चवींवर एक छोटेसे व्याख्यान दिले, अशक्तपणा जाईपर्यंत जेवण बेचव लागेल असे सांगितले, आणि दाखला लिहिला: घ्राणशक्ती पूर्णपणे निर्दोष आहे. 'पूर्णपणे' हा शब्द मी खाडाखोड न करता लिहिला होता.

दिवाळीनंतर मुंबईहून सात कुप्पे परत आले. मोहर युसूफमियाँची, आणि आत तिसरा हिस्सा शेंगदाण्याचे तेल. ज्याने ते डोंगरातून आणून दिले तो माणूस तोवर गाव सोडून गेला होता. पेठेत जो तो म्हणू लागला की पारख्याने त्याच्याशी संगनमत केले. युसूफमियाँनी शपथ घेतली की त्यांनी जाणून काही केले नाही. तेव्हा शेठनी माझा दाखला काढून वाचला. नाक चांगले असताना भेसळ पास केली, याचा अर्थ एकच होत होता. पंचांची बैठक तीन दिवसांनी ठरली.

हे मला कळले ते त्यांच्या पत्नीकडून. मेहरूनबी बुरखा घालून दुपारी दवाखान्यात आल्या आणि बाकावर न बसता उभ्या राहूनच बोलल्या.

"डॉक्टरसाब, एक बात पूछनी थी. कल मैं पानी लेने गई. चूल्हे पे दाल थी, और ये चूल्हे के पास बैठे थे. दाल जल के कोयला हो गई. गल्ली के लोग दौड़ के आए. ये बैठे के बैठे. नाक अच्छी है तो आदमी ऐसे बैठता है क्या?"

मी खुर्चीत बसलो होतो तो उठून उभा राहिलो. माझी चूक कुठे झाली ते मला त्या क्षणी बाराव्या जोडीपासून पहिल्या जोडीपर्यंत उलट क्रमाने दिसले.

ती चूक वाचकांनी समजून घ्यावी, कारण ती फार शिकवणारी आहे. नाकाला दोन वेगळ्या जोड्यांचे तंतू जातात. पहिल्या जोडीचे तंतू केसाहून बारीक असतात आणि नाकाच्या छताशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून खाली उतरतात. गुलाब, हिंग, जळकी डाळ, मोतिया हे सारे तेच ओळखतात. डोके मागून आपटले की मेंदू पुढे सरकतो आणि हे धागे चाळणीपाशीच तुटतात. पाचव्या जोडीचे तंतू मात्र नाकाच्या आतल्या त्वचेत पसरलेले असतात आणि ते वास ओळखत नाहीत, झोंबणे ओळखतात. मिरचीचा ठसका, चुन्याबरोबर सुटणारी नवसागराची वाफ, ही पाचवीला टोचते. मी पहिलीला प्रश्न विचारला होता आणि उत्तर पाचवीने दिले होते. चवीचेही तसेच. जीभ खारट-गोड-आंबट-कडू एवढेच सांगते. गोश्ताला गोश्त आणि भुशाला भुसा म्हणायचे काम नाकच करते. "एकच लागतंय" या शब्दांत रोग्याने मला रोग सांगून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही बोलावले, आणि या वेळी पेठेतून आणलेल्या लवंगतेलाने व हिंगाने, एकेक नाकपुडी बंद करून, नीट तपासले. दोन्ही बाजूंना काहीच नव्हते. नाक गेल्याचे मी त्यांना सांगितले आणि म्हणालो, "पंचांसमोर मी माझा दाखला मागे घेईन."

युसूफमियाँनी हिंगाचा खडा उचलून स्वतःच पुन्हा एकदा हुंगला.

"मग यंदाचं साल फिकं नव्हतं तर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कुप्पा उघडला की काही यायचं नाही. मी म्हणायचो, पाऊस जास्त झाला, गवतात दम नाही. डॉक्टरसाबने लिख दिया है, नाक तो अच्छी है. मग दोष गवताचाच ना? बाटली हलवून पाहिली, फेस ठीक वाटला. बोटावर चोळलं. चालवून घेतलं." मग ते माझ्याकडे वळले. "आप कुछ मत बोलो, डॉक्टरसाब."

"का?"

"चोर म्हणतील. म्हणू द्या. दोन सालांत विसरतात. दुसऱ्या गावी जाईन, तिथं पारख करीन. पण नाक गेलं हे एकदा सांगितलंत, तर ते तेलाच्या साऱ्या पेठांत, पार खंडव्यापर्यंत जाईल. मला दुसरं येतंय काय?"

रोग्याचे गुपित सांभाळणे हे माझे कर्तव्य. माझी चूक दुरुस्त करणे हेही कर्तव्य. दोन्ही एकदम पाळता येत नव्हती. बुरख्याआडून मेहरूनबीच बोलल्या.

"और उस गाँव में भी बिना बास के मोहर मारोगे? फिर वहाँ से भी भागेंगे? मैं कितने गाँव भागूँ?"

निघताना उंबऱ्याशी थांबून युसूफमियाँ एवढेच म्हणाले, "ठीक है. जो करना है, सबके सामने करो. आधा मत करो."

बैठक वल्लभशेठच्या पेढीवर सकाळी भरली. मी दाखला चुकल्याचे सांगितले तेव्हा शेठनी चष्मा वर केला.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीज लिखी दिन्हं ना, नाक चांगलं शे म्हणीसन? आते कसं काय फिरी गयात?"

"फिरलो नाही, शेठ. तेव्हा मी चुकलो होतो, आता तपासले."

मागून कोणीतरी म्हणाले, "आते वास येत नही म्हणीन तो. नाटक करी ऱ्हायना. त्याले काय, कायबी दाखाडा, नही म्हनीन."

आक्षेप योग्य होता, आणि त्याची तयारी मी केली होती. चार सारख्या बाटल्या आणल्या होत्या, नावे तळाशी चिकटवली होती. युसूफमियाँना त्यांचा क्रम माहीत नव्हता, आणि पहिली व पाचवी जोडी वेगवेगळे काय करतात हे मी त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते. शेठनी स्वतःच्या उपरण्याने त्यांचे डोळे बांधले.

लवंगतेल. "कुछ नहीं."

हिंग. जवळ बसलेल्यांनी नाके मुरडली. "कुछ नहीं."

तिसऱ्या बाटलीत शेठच्याच तिजोरीतला जुन्या हंगामाचा मोतिया होता. बूच काढताच वास साऱ्या पेढीभर झाला. हिशेबनीस लिहिता लिहिता थांबला. ज्याने मागून टोमणा मारला होता त्याने सुद्धा नकळत डोळे मिटून श्वास घेतला. बाटली युसूफमियाँच्या नाकाखाली होती. त्यांनी वाट पाहिली, मान थोडी तिरकी केली.

"पानी है?" त्यांनी विचारले.



मग मी चौथी, नवसागर-चुन्याची, धरली. त्यांचे डोके झटक्याने मागे गेले आणि ते शिंकले.

मी पंचांना सांगितले, "नाटक करणारा चौथ्या बाटलीलाही 'काही नाही' म्हणाला असता, कारण आपल्याला वास येत नाही एवढेच त्याला सिद्ध करायचे असते. वास आणि झोंबणे वेगळे, हे ज्याला माहीत नाही त्याला सोंग करताना या दोहोंत फरक करता येत नाही. ज्याचे नाक खरोखर गेले आहे त्यालाच तिसरी पाणी वाटते आणि चौथी झोंबते." हे मी बोललो खरे, पण मला वाटते पंचांना ते त्याआधीच पटले होते. मोतियासमोर चेहरा तसा कोरा ठेवणे त्या पेठेतल्या कोणालाही जमले नसते.

शेठनी उपरणे सोडले. "चोर नही शे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, खाली पाहत, "आंगठी ठी दे, युसूफ."

युसूफमियाँनी अंगठी काढून गादीवर ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, आणि बैठकीतून बाहेर पडल्यावर आम्ही वेगवेगळ्या दिशांनी गेलो. त्यानंतर कित्येक महिने ते दवाखान्याच्या रस्त्याने आले नाहीत. ते धागे पुन्हा जुळतील का, असे मेहरूनबींनी एकदा विचारले होते. मी म्हणालो, क्वचित जुळतात. 'पूर्णपणे' हा शब्द मी त्यानंतर कोणत्याही दाखल्यावर लिहिला नाही.

पुढच्या हंगामात धडगावकडच्या वाटेवर एका रोग्याला पाहून मी घोड्यावरून परतत होतो. ओढ्याकाठी भट्टी लागली होती आणि देगेजवळ युसूफमियाँ बसले होते. शेठनी त्यांना भट्टी सांभाळायला ठेवले होते. जाळ किती, पाणी किती, गवत किती दाबायचे, हे त्यांना दृष्टीनेच कळत होते. जाळ सारायला एक भिल्ल गडी होता.

"आओ, डॉक्टरसाब," ते म्हणाले, जणू काल भेटलो होतो. "मोतिया उतर रहा है. बोलो, कैसा है?"

मी नळीजवळ गेलो आणि हुंगले. एवढ्या वर्षांत मला कोणी वासाचे वर्णन विचारले नव्हते. चवींना आपल्याकडे नावे आहेत. वासांना नावेच नाहीत, केवळ 'कशासारखा' एवढेच म्हणता येते. मी वाक्य बांधू लागलो. गुलाबासारखा, परंतु गुलाबापेक्षा ताजा. त्यात लिंबाच्या सालीचा एक पदर. आणि त्याखाली, मी योग्य उपमा शोधत होतो, त्याखाली आणखी एक काहीतरी होते, थोडे कडवट, धुरकट. ते वाक्याच्या शेवटी सांगावे असे मी मनात ठरवले.

तेवढ्यात गडी ओरडला आणि जळती लाकडे ओढून काढू लागला. देगेतले पाणी आटले होते. खालचे गवत करपले होते.

युसूफमियाँनी माझ्याकडे पाहिले. "जला?"

"हो."

"कब से?"

"थोडा वेळ झाला. मी वाक्य पूर्ण करत होतो."

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "मास्टर के मास्टर ही रहे आप!" ती देग वाया गेली होती. त्यांनी ती उपसायला लावली, नवे गवत भरवले, पाणी ओतवले. मी घोड्याकडे निघालो तर त्यांनी हाताने थांबवले.

"बैठो. इधर, जिधर हवा आती है. जो आया, वो बोलो. जुमला-वाक्य मत बनाओ."

मी दगडावर बसलो. "धूर," मी म्हणालो. "ओले गवत. गड्याची बिडी." दर शब्दाला ते मान हलवत आणि कधी एखादे लाकूड आत सारत, कधी बाहेर ओढत. "गवत. अजून गवतच. शेण कुठेतरी. पुन्हा गवत." दुपार कलली. "आता गोड," मी म्हणालो. "आता मोतिया."

"पक्का?"

मी उठून नळीपाशी गेलो, एक नाकपुडी बंद करून हुंगले, मग दुसरी बंद करून.

"पक्का," मी म्हणालो, आणि त्यांनी पहिला कुप्पा भरायला घेतला.